बोलीभाषेत सांगून कॅलेंडरमध्ये नोंद करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दहा-पंधरा जण आपापला मोबाईल घेऊन येतात आणि मी त्यांच्या अडचणी सोडवायला बसते. बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, गायब झालेले फोटो, असं सगळं असतं. पण गेल्या वर्षभरात सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते कॅलेंडरबद्दल. ‘परवा साडेपाचला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय’ एवढं फोनला सांगायचं आणि त्यानं ते लक्षात ठेवायचं, ही सोय सगळ्यांनाच हवी आहे. ती आहेही. मात्र मराठीत दिवस आणि वेळ सांगण्याच्या आपल्या काही खास पद्धती आहेत आणि नेमकं तिथंच फोन अडखळतो. कुठं अडखळतो ते माहीत असलं की फसगत टळते, म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

बोलीभाषेत नोंद करणं म्हणजे नक्की काय?

एरवी कॅलेंडरमध्ये नोंद करायची तर अधिकचं चिन्ह दाबा, नाव लिहा, तारखेची चौकट उघडा, महिना सरकवा, वेळेचं चक्र फिरवा, सेव्ह करा, एवढं सगळं करावं लागतं. ज्यांची बोटं थरथरतात किंवा ज्यांना बारीक दिसत नाही, त्यांची गाडी तारखेच्या चौकटीपाशीच अडते. बोलीभाषेत नोंद म्हणजे हे सगळं एका वाक्यात सांगायचं. वाक्यातला दिवस, वेळ, ठिकाण आणि काम फोन स्वतः वेगळं करून जागच्या जागी भरतो.

ही कल्पना जुनी आहे. गूगल कॅलेंडर २००६ च्या एप्रिलमध्ये आलं तेव्हापासूनच त्यात ‘क्विक ॲड’ नावाची चौकट होती आणि तिच्यात इंग्रजी वाक्य टाईप केलं की नोंद तयार व्हायची. २०११ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकासाठी आलेलं फँटॅस्टिकल हे ॲप तर याच गुणावर लोकप्रिय झालं. नवं काय, तर आता हे बोलून करता येतं आणि आपल्या भाषेत करून पाहता येतं.

मराठीत चालतं का? की इंग्रजीतच सांगावं लागतं?

चालतं, पण सगळीकडे सारखं नाही. यात दोन गोष्टींची गल्लत होते, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे मराठी ऐकून मराठीत लिहिणं. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे आणि रोजच्या वापराला चांगलं आहे. कीबोर्डवरचा माइक दाबून बोललात तर तुमचं वाक्य देवनागरीत उमटतं. पण ते नुसतं उमटतं. कॅलेंडरच्या शीर्षकाच्या चौकटीत माइक दाबून ‘उद्या पाच वाजता’ म्हटलं, तर बऱ्याचदा ‘उद्या पाच वाजता’ हेच नोंदीचं नाव होऊन बसतं आणि तारीख आजचीच राहते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा घोळ इथंच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सांगितलेलं समजून काम करणं. ते फोनमधल्या सहायकाचं काम. गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी बोलतो आणि गूगलच्याच जेमिनी या नव्या सहायकाचं ॲप भारतात २०२४ मध्ये आलं तेव्हा नऊ भारतीय भाषांत मराठीही होती. म्हणून कॅलेंडरची चौकट उघडू नका, सहायकाला हाक मारा आणि त्याला नोंद करायला सांगा. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी आहे ना, तेवढं आधी तपासा. ती नसेल तर तुमचं मराठी तो हिंदी म्हणून ऐकतो. मग ‘परवा’चं ‘परवाह’ होतं आणि ‘काल’चं ‘कल’. हिंदीत ‘कल’ म्हणजे उद्यासुद्धा.

वाक्य कसं सांगावं?

घरातल्या माणसाला सांगाल तसंच, फक्त तारीख आणि वार दोन्ही घालून. मी सगळ्यांना हे वाक्य पाठ करायला लावते: ‘माझ्या कॅलेंडरमध्ये नोंद कर, सोमवार १४ सप्टेंबर, संध्याकाळी साडेसहा वाजता, गणपतीची आरती, दादाकडे.’

वार का सांगायचा? कारण तारीख ऐकताना एखादा आकडा चुकला तर वार जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. ‘चौदा’चं ‘चोवीस’ ऐकलं गेलं, तर २०२६ मध्ये २४ सप्टेंबरला गुरुवार येतो. सोमवार म्हटलं आणि पडद्यावर गुरुवार दिसला की समजायचं, काहीतरी बिघडलं. जुन्या लग्नपत्रिकांत मिती, वार आणि तारीख असं तिन्ही छापायचे, त्याचा उपयोग हाच होता.

सांगून झालं की पडद्यावर आलेली नोंद मोठ्यानं वाचा. वाचल्याशिवाय फोन खाली ठेवू नका. इतकं सगळं लिहूनही लोकांनी यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली, तरी मला पुरे आहे.

फोनला हे कळतं तरी कसं?

जुनी पद्धत नियमांची होती. प्रोग्राममध्ये वेळेशी संबंधित शब्दांची यादी असते, त्या यादीतले शब्द वाक्यात शोधायचे, त्यांचा हिशेब करायचा आणि जे उरेल ते कामाचं नाव मानायचं. ‘शुक्रवारी सात वाजता नाटक’ यातून ‘शुक्रवारी’ आणि ‘सात वाजता’ काढून घेतलं की ‘नाटक’ उरतं. पद्धत साधी आणि भरवशाची, पण यादीत नसलेला शब्द तिला अजिबात कळत नाही. ‘सकाळ’, ‘रात्र’ अशा मोघम शब्दांसाठी ठरावीक तास नेमून दिलेले असतात. मॅकवरच्या कॅलेंडरमध्ये इंग्रजीत वेळ न देता ‘ब्रेकफास्ट’ लिहिलं तर नोंद सकाळी ९ ची होते, ‘लंच’ दुपारी १२ ची, ‘डिनर’ रात्री ८ ची. आपल्याकडे ‘चहाला या’ म्हटलं की साधारण चार-पाच हे सगळ्यांना कळतं, पण हे कुणीतरी त्या यादीत घातलं तरच फोनला कळणार.

नवी पद्धत भाषेच्या मोठ्या मॉडेलांची आहे. ती अख्खं वाक्य वाचून अर्थ लावतात, म्हणून आडवळणाचं बोलणंही त्यांना पुष्कळदा समजतं. पण चुकतात तेव्हाही ती तितक्याच ठामपणे उत्तर देतात. जुनी पद्धत अडली की निदान गप्प तरी बसायची.

दोन्हींतून शेवटी तयार होतं ते एकच. १९९८ मध्ये ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या आयकॅलेंडर या मानकाप्रमाणे, म्हणजे कॅलेंडरच्या ॲपांसाठीच्या सामाईक नियमांप्रमाणे, वर्ष-महिना-दिवस मिळून आठ आकडे आणि तास-मिनिट-सेकंद मिळून सहा आकडे. १४ सप्टेंबर २०२६, संध्याकाळी साडेसहा म्हणजे २०२६०९१४ आणि १८३०००. तुमचं वाक्य कितीही ऐसपैस असलं तरी ते शेवटी या चौदा आकड्यांत बसवावं लागतं. ‘बघू, जमलं तर संध्याकाळी’ याला तिथं घर नाही.

सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच समजतं का?

साडे आणि सव्वा बहुधा बरोबर येतात. पावणेवर लक्ष ठेवा. पावणेसहा म्हणजे ५:४५, पण बोललेलं लिहिताना त्याचे ‘पावणे सहा’ असे दोन शब्द होतात, आणि ‘पावणे’ ओळखता आलं नाही तर ‘सहा’ तेवढा उरतो. पंधरा मिनिटांनी हुकलेली नोंद नजरेला खटकतही नाही. दीड आणि अडीच यांना तर नियमच लागू नाही. साडेतीन, साडेचार म्हणतो, पण साडेएक आणि साडेदोन कुणी म्हणत नाही. या दोन वेळांना स्वतंत्र शब्द आहेत आणि ते स्वतंत्रच शिकवावे लागतात.

‘सहाला दहा कमी’, ‘सहाला पाच मिनिटं असताना’ असं बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. ऐकायला गोड वाटतं, पण फोनला सांगताना ‘पाच पन्नास’ म्हणा.

‘परवा’ म्हटलं तर फोन कोणता दिवस धरतो?

मराठीत परवा मागेही जातो आणि पुढेही. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येतो’ यातला फरक क्रियापदावरून कळतो. तेरवाचं तसंच. म्हणून क्रियापद गाळू नका. नुसतं ‘परवा डॉक्टर’ असं तुटक बोललात तर आधार काहीच राहत नाही, ‘परवा डॉक्टरांकडे जायचं आहे’ म्हटलं की पुढचा परवा हे ठरतं. काल आणि उद्या मात्र मराठीत स्वच्छ वेगळे आहेत. या बाबतीत हिंदीपेक्षा आपलं सोपं आहे.

डॉक्टर म्हणाले, ‘आठ दिवसांनी या.’ फोनला काय सांगू?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर टाके बघायला डॉक्टरांनी आठ दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी गुरुवार होता आणि ते डॉक्टर त्या दवाखान्यात फक्त गुरुवारीच बसायचे. रिक्षात बसल्या बसल्या मी फोनला सांगितलं, ‘आठ दिवसांनी सकाळी अकरा वाजता बाबांना दाखवायला न्यायचंय.’ नोंद झाली, मी वाचली नाही. फोननं आठ मिळवले आणि शुक्रवार धरला. शुक्रवारी सकाळी बाबांना दोघांनी धरून तीन जिने उतरवले, वॉकर रिक्षात आडवा घातला, आणि दवाखान्याच्या दाराशी पोचल्यावर कळलं की डॉक्टर काल येऊन गेले. बाबा काही बोलले नाहीत. परत तीन जिने चढताना मात्र प्रत्येक पायरीवर थांबत होते. तेव्हापासून नोंद वाचल्याशिवाय मी फोन खाली ठेवत नाही.

चूक फोनच्या हिशेबाची नव्हती. आपण मराठीत ‘आठ दिवसांनी’ म्हणतो तेव्हा आजचा दिवस धरून मोजतो. गुरुवार ते गुरुवार, दोन्ही टोकं धरली की आठ होतात. ‘आठवडा’ या शब्दातच आठ आहे, दिवस मात्र सात. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी, म्हणजे चौदा, आणि पंधरवडाही तसाच. उलट हरिनाम सप्ताहातला सप्ताह हा मोजून सात दिवसांचाच. हे सगळं आपल्या डोक्यात एकत्र नांदतं, कुणी कुणाला समजावून सांगत नाही. फोनला मात्र आठ म्हणजे आठ.

म्हणून अशा वेळी ‘पुढच्या आठवड्यात गुरुवारी’ म्हणा, किंवा डॉक्टरांच्या समोरच विचारून घ्या, ‘म्हणजे गुरुवारीच ना? किती तारीख?’ कागदावर तारीख मागायला संकोच करू नका. मोठ्या माणसांसमोर डॉक्टरांना पुन्हा विचारणं अनेकांना बरं वाटत नाही, हे मला माहीत आहे. तरी विचाराच.

‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ यात फरक आहे का?

येता शुक्रवार म्हणजे आता येणारा पहिला, याबद्दल वाद नाही. ‘पुढच्या शुक्रवारी’वर मात्र माणसांचंही एकमत नाही. सोमवारी हा शब्द वापरला तर काहींना चारच दिवसांनी येणारा शुक्रवार वाटतो, काहींना त्याच्या पुढचा. जिथं दोन माणसांत घोळ होतो तिथं फोनकडून अपेक्षा धरू नका. तारीख सांगा.

‘पाच-सहाला येतो’ असं सांगितलं तर?

मराठीत ‘पाच-सहाला’ हा अंदाज असतो. ‘पाच ते सहा’ ही मुदत असते. फोनला पहिलंही दुसऱ्यासारखंच वाटू शकतं आणि तो पाच ते सहा असा तासभर अडवून ठेवतो. ‘दोन-चार दिवसांत’, ‘पाचच्या सुमारास’, ‘जेवणं झाल्यावर’ यांचंही तेच. अंदाजाची गोष्ट असेल तर अलीकडची वेळ द्या आणि नावातच ‘साधारण’ हा शब्द घाला, ‘साधारण पाचला प्लंबर’ असा. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं.

शेवटची वेळ सांगितली नाही, तर बहुतेक कॅलेंडरं एक तास धरतात. सेटिंगमध्ये हा तास कमी-जास्त करता येतो.

सकाळ की संध्याकाळ हे नेहमी सांगा. नुसत्या ‘सात’चा भरवसा नाही.

रात्री बारानंतरच्या गाडीची नोंद कशी करावी?

सगळ्यांत महागडी चूक इथं होते, कारण तिकिटाचे पैसे बुडतात. ‘शुक्रवारी रात्री बारा वीसची गाडी’ असं आपण म्हणतो. आपल्या परंपरेत वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो, त्यामुळे शुक्रवारची रात्र शनिवारच्या पहाटेपर्यंत शुक्रवारचीच. रेल्वेचा आणि फोनचा वार मात्र मध्यरात्री बदलतो. मध्यरात्रीनंतरची ती गाडी तिकिटावर शनिवारची असते, वेळ ००:२०. फोनला ‘शुक्रवारी रात्री बारा वीस’ सांगितलं तर तो शुक्रवार उजाडण्याआधीचे बारा वीस धरू शकतो, म्हणजे गाडीच्या बरोबर चोवीस तास आधीचे. किंवा तुम्ही तिकीटच एका दिवसानं चुकीचं काढलेलं असतं आणि फोन ती चूक इमानानं जपून ठेवतो.

अशा गाडीची नोंद मी दोनदा करते. एक तिकिटावरची तारीख आणि ००:२० अशी. दुसरी आदल्या संध्याकाळी, ‘रात्री साडेदहाला घरातून निघायचं, गाडी मध्यरात्रीनंतरची’ अशी. उपयोगी पडते ती दुसरी.

५/६ म्हणजे पाच जून की सहा मे?

आपल्याकडे पाच जून. फोनची भाषा ‘इंग्रजी, अमेरिका’ असेल तर सहा मे. नवा फोन घेताना दुकानात पुष्कळदा तेच ठेवलेलं असतं. ते ‘इंग्रजी, भारत’ किंवा मराठी करून घ्या, आणि तरीही महिन्याचं नाव बोला.

दर महिन्याला, दर आठवड्याला येणाऱ्या गोष्टी एकदाच सांगून होतात का?

होतात. ‘दर मंगळवारी सकाळी सात वाजता योगाचा वर्ग’ एवढं पुरतं. ‘महिन्याचा दुसरा शनिवार’ हेही कॅलेंडरच्या नियमांत बसतं. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा या दोन नोंदी करून ठेवल्या तर निवृत्तीवेतनासाठी होणारी फेरी वाचते.

एकतीस तारखेला जपा. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला सोसायटीचा मेंटेनन्स’ सांगितलंत, तर ज्या महिन्यांत ३१ नाही ते महिने सरळ वगळले जातात. मानकातच तसं लिहिलं आहे, म्हणजे ही कुठल्या एका ॲपची चूक नव्हे. वर्षातले पाच महिने आठवण येणारच नाही. त्याऐवजी २८ तारीख धरा. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांची गत तीच, वाढदिवस चार वर्षांतून एकदा दिसतो. तो २८ फेब्रुवारीला नोंदवून नावात खरी तारीख लिहा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दर दोन तासांनी थेंब घालायचेत. कॅलेंडर आठवण करेल का?

त्यासाठी कॅलेंडर वापरू नका. गूगल कॅलेंडरमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी दिवस, आठवडा, महिना, वर्ष या मापांत असतात, तासांच्या मापात नाहीत. औषधाला अलार्म लावा. अलार्म वाजत राहतो, कॅलेंडरची आठवण एकदा टुणकन वाजून गप्प होते. कॅलेंडरमध्ये फक्त थेंब बंद करायची तारीख आणि पुन्हा दाखवायची तारीख ठेवा.

तिथीनं येणाऱ्या गोष्टी कशा सांगायच्या? आजोबांचं श्राद्ध, संकष्टी, तिथीचा वाढदिवस?

‘दरवर्षी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला’ असं सांगून नोंद होईल आणि दरवर्षी बरोबर दिवशी येईल, असं धरून चालू नका. ‘दरवर्षी’ म्हटलं की फोन इंग्रजी तारीख कायम ठेवतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ‘दरवर्षी’ सांगून ती नोंदवली असेल तर २०२६ मध्येही फोन २७ ऑगस्टलाच मोदकांची आठवण करेल, आणि गणपती येणार १४ सप्टेंबरला.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवस लहान. त्यामुळे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणून आषाढी एकादशी २०२५ च्या ६ जुलैवरून २०२६ मध्ये २५ जुलैला गेली आणि त्यापुढचे सगळे सण तिच्यामागोमाग पुढे गेले. शिवाय महिना मोजायची रीत प्रांताप्रमाणे वेगळी. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपला श्रावण सुरू होतो तेव्हा उत्तरेतला निम्मा झालेला असतो. उत्तरेच्या पद्धतीचं पंचांग दाखवणारं ॲप वापरलंत तर वद्य पक्षातल्या तिथींचा महिना वेगळा दिसेल. आजोबांची तिथी ‘श्रावण वद्य पंचमी’ असेल तर तिकडं तोच दिवस भाद्रपदात लिहिलेला असतो.

कॅलेंडरच्या मानकात इतर कालगणनांप्रमाणे पुनरावृत्ती करण्याची तरतूद २०१५ मध्ये झाली आहे. म्हणजे दार उघडं आहे. आपल्या रोजच्या ॲपमध्ये ‘दरवर्षी वद्य पंचमीला’ हे मराठीत सांगता यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण घराघरात हीच नोंद सगळ्यांत मोलाची असते. श्राद्धाची तिथी चुकली तर आईला ते दिवसेंदिवस लागून राहतं, आणि त्यावर ‘ॲपनं सांगितलं नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही.

तोवर आमच्या घरातली पद्धत सांगते. १९७३ पासून घराघरात असलेलं कालनिर्णय आमच्याही स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतं. नवीन आलं की पहिल्या रविवारी आई ते मांडीवर घेऊन बसते आणि तारखा वाचते, मी फोनला सांगते. बारा संकष्ट्या, चोवीस एकादश्या, तीन श्राद्धं, दोघांचे तिथीचे वाढदिवस. अर्धा-पाऊण तास लागतो. अधिक महिना असला की संकष्ट्या तेरा होतात. प्रत्येक नोंद त्या वर्षापुरतीच, ‘दरवर्षी’ हा शब्द न वापरता.

संकष्टीला चंद्रोदयाची वेळ घालायची असेल तर आपल्या गावाची घ्या. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून अधिक पूर्वेला आहे, त्यामुळे तिथं चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. उपाशी माणसाला पंचवीस मिनिटं पुष्कळ असतात.

मुलगी न्यू जर्सीला आहे. दर रविवारी रात्री आठला बोलायचं ठरतं, पण कधी ती तासभर आधी येते, कधी नंतर. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपण काही बदलत नाही. त्यामुळे तिच्याकडचं आणि आपल्याकडचं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं असतं, हिवाळ्यात साडेदहा. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिचे सकाळचे साडेदहा किंवा साडेनऊ.

नोंद ज्याच्या फोनवरून होते त्याच्या गावाचं घड्याळ तिला चिकटतं. तुम्ही भारतात नोंद केलीत तर तुमचे आठ कायम राहतील आणि तिची वेळ हलेल. तिनं केली तर उलट. कोणाची वेळ पक्की हवी ते आधी ठरवा. रविवारी सकाळी तिला मुलाला पोहायला न्यायचं असेल तर तिची पक्की ठेवा, आपण तासभर इकडेतिकडे बसू शकतो. एकानं नोंद करून दुसऱ्याला आमंत्रण पाठवावं. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी केल्या की घोळ ठरलेलाच.

नोंदीचं नाव काय ठेवावं?

‘डॉक्टर’ एवढंच नको. तीन आठवड्यांनी ते वाचताना कोणाला न्यायचं, कुठल्या डॉक्टरांकडे आणि उपाशीपोटी की नाही, हे आठवत नाही. ‘आईची रक्ततपासणी, उपाशीपोटी, जुनी फाईल घेणे’ असं सांगा.

माझ्या नोंदी दुसऱ्या कोणाला दिसतात का?

तुम्ही कॅलेंडर कोणाला दाखवलं नसेल तर नाही. पण ऑफिसच्या खात्यात नोंद गेली असेल, तर ते खातं ऑफिसचं आहे हे लक्षात ठेवा. सहायकाशी बोलताना नोंद कुठल्या खात्यात पडते ते एकदा बघून घ्या. घरातल्यांशी वाटून घ्यायचं असेल तर ‘फक्त मोकळे की व्यस्त एवढंच दिसू दे’ असाही पर्याय असतो. आणि बंद पडद्यावर आठवणीचा मजकूर झळकतो. तपासणीचं नाव चारचौघांत दिसायला नको असेल तर ते तपशिलात लिहा, नावात नको.

नेट नसेल तर?

बोललेलं समजून घेण्याचं काम बहुतेक वेळा दूरच्या सर्व्हरवर होतं, त्याला नेट लागतं. हातानं केलेली नोंद मात्र नेटशिवायही फोनमध्ये राहते आणि पुढे जुळून जाते. एकदा झालेल्या नोंदीची आठवण नेट नसतानाही वाजते.

आईवडिलांना हे कसं शिकवावं?

त्यांच्या रोजच्या एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करा. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी पहिली नोंद केली ती ‘येत्या बुधवारी दुपारी चार वाजता भिशी’ अशी. बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा वर करून पडदा जवळ धरला, वार वाचला, तारीख वाचली, मग पर्समधून छोटं पाकीट-कॅलेंडर काढून दोन्ही जुळतात का ते बोट ठेवून पाहिलं. जुळत होतं. बुधवारी साडेतीनला फोन वाजला तेव्हा त्या तयार होऊन बसल्या होत्या, आणि पुढच्या रविवारी त्यांनी न विचारता पुढच्या तीन महिन्यांच्या भिशीच्या तारखा सांगून टाकल्या.